मरणोत्तर दानाची सेवा: आमच्या घराने घेतलेले तीन अनुभव आणि सक्तीचा प्रश्न

मृत्यूनंतरचे अवयवदान कायद्याने सक्तीचे करावे, असे मत माझ्या आत्याने यंदाच्या जून महिन्यात एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मांडले. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, आत व्हेंटिलेटरवर होता. तो परत येणार नाही हे तिला कळून चुकले होते, आणि निदान त्याचे अवयव कोणाच्या तरी उपयोगी पडावेत म्हणून ती आदल्या संध्याकाळपासून तिथे दिसेल त्याला विचारत होती. "सरकारने सक्तीच करायला पाहिजे. म्हणजे माझ्यावर असं विचारत फिरायची वेळ आली नसती," असे ती म्हणाली. त्या वेळी मला तिला काहीच उत्तर देता आले नाही.

हे परीक्षण लिहिताना तिचे ते वाक्य माझ्या समोर आहे. गेल्या दोन वर्षांत मरणोत्तर दानाच्या व्यवस्थेशी आमच्या घराचा तीन वेळा संबंध आला: नेत्रपेढीने घरी येऊन स्वीकारलेले माझ्या वडिलांचे नेत्रदान, त्यानंतर मी स्वतः केलेली अवयवदानाची ऑनलाइन प्रतिज्ञा, आणि मेंदूमृत (म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबलेल्या, पण यंत्राने श्वास चालू ठेवलेल्या) रुग्णाच्या नातेवाइकांना रुग्णालयाने जी सेवा द्यायची असते तिचा या जूनमधला अनुभव. नेत्रपेढीचे आणि रुग्णालयाचे नाव मी लिहिणार नाही. विशेषतः रुग्णालयाचे नाव लिहिले तर वाचणाऱ्याला तो एकाच ठिकाणचा दोष वाटेल, आणि माझे म्हणणे तसे नाही.

वडिलांपासून सुरुवात करते. ते वाईला आमच्या राहत्या घरी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पहाटे चारच्या सुमारास गेले. त्यांनी पूर्वी कधीतरी नेत्रदानाचा अर्ज भरला होता हे आईला आठवत होते, पण तो कागद कपाटात सापडेना, आणि त्या गडबडीत "कागदच नाही तर राहू दे" असे म्हणणारे एक-दोघे घरात होतेच. सुदैवाने शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी थेट साताऱ्याच्या नेत्रपेढीला फोन लावून दिला. पलीकडे पहिल्याच घंटेला माणूस बोलला. अर्ज सापडला नाही तरी चालेल, जवळच्या नातेवाइकाची संमती पुरेशी आहे, असे त्याने सांगितले, आणि मग एकामागून एक अशा सूचना दिल्या, की आमच्या हातांना काम मिळाले: पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी घेऊन डोके थोडे उंच ठेवा, डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घेऊन ठेवा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, तेव्हा अंत्ययात्रेची वेळ ठरवण्याची घाई करू नका, आम्ही निघालो आहोत, हेही त्याने सांगितले.

साताऱ्याहून वाई साधारण पस्तीस किलोमीटर आहे. सहाच्या आत दोघे जण आले. त्यांनी दारातच चपला काढल्या, वडिलांच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि घरातील सर्वांत जवळचे नातेवाईक कोण असे विचारून आईजवळ बसले. वडिलांना मधुमेह होता, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे डोळे चालतील का अशी आईला शंका होती. चश्मा, मोतीबिंदू, मधुमेह किंवा रक्तदाब यांची अडचण येत नाही, कारण उपयोगात येतो तो डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, आणि अडचण येते ती एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर, हे त्यांनी तिला तिच्या भाषेत समजावले. त्यासाठीच रक्ताचा थोडा नमुनाही घ्यावा लागतो, हे सुया काढण्यापूर्वी सांगितले. खोलीचे दार लोटून घेतल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंत वीस मिनिटे लागली. वडिलांचा चेहरा आधी होता तसाच होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण डोळ्यांच्या जागी खोबणी दिसतील ही भीती आमच्या गल्लीतील अनेकांच्या मनात होती, आणि दर्शनाला आलेल्या बायकांनी जवळ जाऊन पाहिल्यानंतरच ती गेली. पुढच्या जन्मी माणूस आंधळा जन्मतो हा समजही त्या दिवशी एका वयस्कर बाईंनी बोलून दाखवला. आईने त्यांना एवढेच सांगितले, की ज्याने डोळे दिले त्याच्याच पदरी आंधळेपण घालील असा देव आपला नाही.

खर्च एक रुपयाही आला नाही. पंधरवड्याने आभाराचे पत्र आले. डोळे कोणाला बसवले ते सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. या सेवेला मी पाचपैकी पाच गुण देते, आणि ते देण्याचे मुख्य कारण असे, की तांत्रिक काम वीस मिनिटांचे असले तरी त्याआधीची पंधरा मिनिटे त्यांनी आईशी बोलण्यात घालवली. ती बोलणी झाली नसती तर तिने सही केली असती की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही.

वडिलांच्या तेराव्यानंतर मी आणि माझ्या पतींनी अवयवदानाची प्रतिज्ञा केली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेने, जिला सर्वत्र 'नोटो' म्हणतात, सप्टेंबर २०२३ मध्ये आधार क्रमांकाच्या आधारे प्रतिज्ञा नोंदवण्याचे संकेतस्थळ सुरू केले. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, कोणते अवयव आणि कोणत्या ऊती द्यायच्या ते निवडायचे असते, आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेता येते. मन बदलले तर प्रतिज्ञा मागेही घेता येते. आम्हा दोघांचे काम चहा निवण्याआधी झाले. पूर्वी कागदी कार्डावर आपण दाते असल्याचे लिहून पाकिटात ठेवावे लागे आणि ते पाकीट हरवले की सगळेच हरवे, त्या मानाने ही सोय मोठी आहे. टोल फ्री क्रमांक १८००११४७७० हाही मी त्याच दिवशी घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये घातला.

मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावर जे समाधान वाटते, त्यात एक गैरसमज दडलेला असतो, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार, एखाद्याने हयातीत किमान दोन साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी एक तरी जवळचा नातेवाईक असेल, लेखी संमती दिली असेल आणि ती नंतर मागे घेतली असे मानायला कारण नसेल, तर मृतदेह ज्याच्या ताब्यात आहे त्याने अवयव काढण्यास वाव द्यायचा असतो. कायद्याची भाषा इतकी स्पष्ट असूनही प्रत्यक्षात नातेवाईक 'नको' म्हणाले तर कोणतेही रुग्णालय पुढे जात नाही, आणि २०१४ च्या नियमांमधला प्रतिज्ञेचा नमुना सातच दात्याला असा सल्ला देतो, की अवयवदान हा कुटुंबाचा निर्णय असल्याने घरच्यांशी याविषयी बोलून ठेवा. म्हणजे आपण संगणकावर जी नोंद करतो, ती आपली इच्छा असते. अंतिम कागद म्हणजे नमुना आठ, जवळच्या नातेवाइकाचे संमतीपत्र, आणि त्यावर सही करणारे हात आपले नसतात. देशभरात तीन लाखांहून अधिक लोकांनी ही ऑनलाइन प्रतिज्ञा केली आहे. त्यांतल्या किती जणांच्या बायकोला, नवऱ्याला, मुलांना ते ठाऊक असेल, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला, कारण माझ्या पतींनी त्यांच्या आईला सांगितलेच नव्हते, आणि ते तिला प्रमाणपत्राची प्रत पाहून कळले तेव्हा ती दोन दिवस रुसून बसली होती.

सेवा म्हणून पाहता या प्रतिज्ञेला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. जे काम ती अंगावर घेते ते ती चांगले करते. पण त्या कामाची मर्यादा प्रतिज्ञा करणाऱ्याला पुरेशी कळत नाही, आणि प्रमाणपत्र छापून झाल्यावर पुढे काय करायचे ते त्याने स्वतःच समजून घ्यायचे असते.

आता तिसरा अनुभव, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

आतेभाऊ एक्केचाळीस वर्षांचा होता. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, हेल्मेट नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. उपचारांत काही कमी पडले असे आमच्यापैकी कोणाचेही म्हणणे नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी सांगितले की मेंदू काम करत नाही, आता फारसे काही हाती राहिलेले नाही. 'मेंदूमृत' किंवा 'ब्रेनडेड' हा शब्द कोणी उच्चारला नाही, आणि त्याचा अर्थ तर नाहीच सांगितला. छाती वरखाली होते आहे, अंग गरम आहे, पडद्यावर ठोके दिसत आहेत, मग हा गेला म्हणजे काय, असे वहिनी विचारत होती, आणि तिला मिळणारे उत्तर होते, "वाट बघा."

आत्याला वडिलांचे नेत्रदान आठवत होते. तिने संध्याकाळी पहिल्यांदा विचारले. परिचारिकेने निवासी डॉक्टरकडे पाठवले, निवासी डॉक्टरने मोठ्या डॉक्टरांना विचारावे लागेल असे सांगितले, मोठे डॉक्टर सकाळी येणार होते. सकाळी असे कळले, की इथे अवयव काढण्याची नोंदणीच नाही आणि रुग्णाला हलवण्याची स्थिती नाही. मी नोटोच्या टोल फ्री क्रमांकावर आणि तिथून पुढे, मिळालेले अवयव कोणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या विभागीय समन्वय केंद्राशी बोलले. तिकडून विचारला गेलेला पहिला प्रश्न साहजिकच असा होता, की मेंदूमृत्यूचे प्रमाणपत्र झाले आहे का. ते झालेले नव्हते, आणि ते करण्यासाठी लागणारे डॉक्टर एकत्र बसवण्याची कोणाची तयारी दिसत नव्हती. त्याच दुपारी आतेभावाचे हृदय बंद पडले. अपघाताची केस असल्याने पंचनामा आणि शवविच्छेदन होणार होते. पोलिसांच्या परवानगीने नेत्रपेढीने डोळे तेवढे घेतले. मूत्रपिंडे, यकृत आणि हृदय त्याच्याबरोबर गेले.

या सेवेला गुण द्यायचे तर द्यायला काही नाही, कारण सेवा दिलीच गेली नाही. आणि आमचे मागणे काही मेहेरबानीचे नव्हते, हे मला नंतर नियम वाचताना कळले. २०११ च्या दुरुस्तीनंतर कायदा असे सांगतो, की अतिदक्षता विभागातील रुग्णाने अवयवदानाची संमती पूर्वी दिली होती का, याची विचारपूस डॉक्टरांनी समन्वयकाशी, म्हणजे अवयवदानाची जुळवाजुळव करण्यासाठी रुग्णालयाने नेमलेल्या माणसाशी, विचारविनिमय करून स्वतःहून करायची, आणि दिली नसेल तर नातेवाइकांना या पर्यायाची माहिती करून द्यायची. विचारण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे, आईची नाही. मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ लागते: रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर, नेमलेल्या यादीतील एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा शल्यचिकित्सक, आणि उपचार करणारा डॉक्टर. मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसेल तर त्याच्या जागी शल्यचिकित्सक, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालेल, अशी सोय त्याच दुरुस्तीने करून ठेवली आहे, म्हणजे लहान शहरांचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला होता. व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून श्वास आपोआप घेतला जातो का हे पाहणाऱ्या चाचणीसह सगळ्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. जिथे प्रत्यारोपण होत नाही, पण अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह आहे, अशा रुग्णालयालाही केवळ अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करता येते. नातेवाइकांनी संमती दिल्यानंतर दात्याला सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च त्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असेही नियमात लिहिलेले आहे. आम्हाला यातील एकही गोष्ट कोणी सांगितली नाही.

त्या रुग्णालयातील लोक वाईट नव्हते. रात्रपाळीच्या परिचारिकेने वहिनीला आपल्या डब्यातले जेवायला दिले. पण विचारणे हे ज्याचे काम आहे असा माणूसच तिथे नेमलेला नव्हता, आणि वडिलांच्या वेळी ज्या पंधरा मिनिटांनी सगळे घडले, ती पंधरा मिनिटे देणारे तिथे कोणी नव्हते.

आता आत्याच्या वाक्याकडे येते. सक्ती असती तर काय झाले असते? त्या अतिदक्षता विभागापुरते पाहिले तर काहीही वेगळे झाले नसते. नोंदणी नाही, मंडळ बसत नाही, समन्वयक नाही, अशा ठिकाणी कायद्याने अवयव सरकारजमा झाले तरी ते काढणार कोण? मृतावर सक्ती करणारा कायदा जिवंत डॉक्टरांच्या कामाची जागा भरून काढू शकत नाही. या प्रश्नावरील चर्चेत नेहमी पुढे केले जाणारे स्पेनचे उदाहरणही नीट पाहिले तर हेच सांगते. तिथे १९७९ साली गृहीत संमतीचा कायदा झाला, म्हणजे नको असे सांगून न ठेवलेला प्रत्येक जण दाता समजायचा. कायदा होऊन दहा वर्षे झाली तेव्हा दर दहा लाख लोकसंख्येमागे मृत दात्यांची संख्या १४ च्या आसपास होती. १९८९ साली तिथे राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली, राफाएल मातेसान्झ यांच्या नेतृत्वाखाली रुग्णालयारुग्णालयांत अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर समन्वयक म्हणून प्रशिक्षित झाले, आणि आज तो आकडा पन्नासच्या आसपास आहे. गृहीत संमतीचा कायदा असूनही तिथे प्रत्येक कुटुंबाला विचारले जाते, आणि नकार मिळाला तर तो मानला जातो. आपल्या यशाचे श्रेय कायद्याला देऊ नका, असे मातेसान्झ स्वतः सांगत आले आहेत.

उलट उदाहरण ब्राझीलचे आहे. तिथे १९९७ साली गृहीत संमतीचा कायदा केला. लोकांना वाटले, की गरिबाला नीट उपचार न देता त्याचे अवयव काढतील. ओळखपत्रावर आपण दाते नाही असे लिहून घेण्यासाठी लोक धावले, आणि १९९८ साली सरकारला ती तरतूद मागे घ्यावी लागली. वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये मे २०२० पासून असाच कायदा आहे, तिथेही नातेवाइकांशी बोलल्याशिवाय अवयव घेत नाहीत. सिंगापूरने १९८७ पासून आपला मार्ग धरला आहे: नको म्हणायची मोकळीक आहे, पण नको म्हणणाऱ्याला पुढे स्वतःला अवयवाची गरज पडली तर रांगेत मागे उभे राहावे लागते. त्या मार्गात काही न्याय आहे असे मला वाटते. पण तो छोट्या शहरराज्याचा मार्ग आहे, जिथे प्रत्येकाची नोंद सरकारजवळ चोख आहे.

आपल्याकडच्या सक्तीविषयी बोलताना एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात मृतदेहाच्या बाबतीतली सक्ती नवी नाही. मुंबई शरीरशास्त्र अधिनियम १९४९ सालचा आहे, आणि त्यानुसार बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना शवविच्छेदनाच्या शिक्षणासाठी देता येतात. १९९४ च्या कायद्यातही, रुग्णालयात किंवा तुरुंगात पडून असलेल्या आणि ४८ तासांत कोणा जवळच्या नातेवाइकाने न मागितलेल्या मृतदेहातून अवयव काढण्याची परवानगी तिथल्या व्यवस्थापकाला देता येते, असे कलम आहे. ही तरतूद आहे त्याच्यासाठी, ज्याच्या मागे विचारायला कोणी नाही. रेल्वे फलाटावर मरणारा, रोजंदारीसाठी गाव सोडून आलेला, घरच्यांनी टाकलेली म्हातारी. आज सरसकट सक्ती केली तर ती कागदावर सर्वांना लागू होईल, आणि प्रत्यक्षात जो वकील गाठू शकतो, आमदाराला फोन लावू शकतो, त्याला ती लागणार नाही, हे सांगायला कोणत्या अभ्यासाची गरज नाही. मूळ कायदाच किडनीचा बाजार थांबवण्यासाठी करावा लागला होता, आणि २०१६ साली मुंबईत उघडकीला आलेल्या किडनी प्रकरणाने तो बाजार संपलेला नाही हे दाखवून दिले. ज्या लोकांच्या मनात रुग्णालयाच्या बिलाची आणि हेतूची शंका आधीच आहे, त्यांना 'आता विचारणारही नाही' असे सांगणे म्हणजे नेत्रपेढ्यांनी घराघरांत जाऊन जो विश्वास मिळवला आहे तोही घालवणे होईल.

दुसऱ्या बाजूचे दुःख मी जाणते, आणि ते हलके करून मांडण्याचा माझा विचार नाही. माझ्यासोबत शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचे आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसमध्ये जातात, प्रत्येक वेळी चार-चार तास. त्यांच्या दृष्टीने जाळली जाणारी प्रत्येक निरोगी मूत्रपिंडांची जोडी ही वाया जाणारी वर्षे आहेत, आणि मृताच्या इच्छेचा एवढा मान कशासाठी, हा त्यांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. भारतात २०२४ साली १८,९०० हून अधिक प्रत्यारोपणे झाली, २०१३ साली ती पाच हजारांच्या आत होती. ही वाढ मोठी आहे, पण तिच्यातला बहुतांश वाटा जिवंत दात्यांचा आहे. मृत दाते देशभरात अकराशेच्या आसपास, म्हणजे दहा लाखांमागे एकही पुरा नाही. आणि जिवंत दाता म्हटले की आपल्या समाजात तो बहुधा बायको असते, आई असते, बहीण असते. तिच्यावर जी सक्ती होते ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. त्या बाईंना मूत्रपिंड द्यायला त्यांची सासू तयार झाली नाही, आई तयार होती पण वयाने बसली नाही, आणि नवऱ्याविषयी कोणी विचारलेही नाही, कारण तो कमावता. मृत दाते वाढले तर या बायांच्या अंगावरचा भार कमी होईल, आणि माझ्या मते मरणोत्तर दानाच्या बाजूचे हे सर्वांत मोठे कारण आहे, जे प्रचाराच्या फलकांवर कधी दिसत नाही.

म्हणून सक्ती हवीच असेल तर ती कोणावर, एवढाच माझा मुद्दा आहे. अतिदक्षता विभाग चालवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी सक्तीची असावी. मेंदूमृत्यूची शंका आली की तपासणी मंडळ बसवणे आणि त्याची नोंद समन्वय केंद्राला कळवणे सक्तीचे असावे, मग कुटुंब दान करो वा न करो. नातेवाइकांशी बोलण्यासाठी प्रशिक्षित माणूस, उपचार करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळा, चोवीस तास उपलब्ध असणे सक्तीचे असावे. तमिळनाडूने २००८ पासून शासकीय आदेशांची मालिका काढून अशीच घडी बसवली, आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून दात्याच्या अंत्यसंस्काराला शासकीय मानवंदनाही दिली जाते. मानवंदनेने दाते वाढतात का ते मी सांगू शकत नाही, पण वहिनीला त्या दिवशी कोणी तरी उभे राहून नमस्कार केला असता तर तिला ते आयुष्यभर पुरले असते. १९९४ चा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ ला प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, तेव्हा इतकी वर्षे हाताशी असूनही जिल्ह्याच्या ठिकाणी एका आईला बाकावर बसून विचारत राहावे लागते, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

ज्यांना या सेवा घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी, माझ्या अनुभवातून: नेत्रदानासाठी जुना अर्ज शोधत वेळ घालवू नका, सरळ जवळच्या नेत्रपेढीला फोन करा आणि तो क्रमांक आजच लिहून ठेवा. ऑनलाइन प्रतिज्ञा जरूर करा, पण प्रमाणपत्राची प्रत घरातील ज्या व्यक्तीची सही लागेल तिच्या हातात द्या आणि तिच्या तोंडून होकार ऐका. देहदानाचा विचार असेल तर आधी महाविद्यालयाला विचारा, कारण नेत्रदानानंतर देह स्वीकारतात, पण इतर अवयव काढलेला देह सहसा स्वीकारत नाहीत. आणि घरातले कोणी अतिदक्षता विभागात असताना डॉक्टर "मेंदू काम करत नाही" असे म्हणाले, तर 'मेंदूमृत्यूची तपासणी झाली का, दुसरी कधी होणार' हा प्रश्न त्याच वेळी, त्याच शब्दांत विचारा. आम्ही तो जवळजवळ एक रात्र उशिरा विचारला.

आत्याला मी हे सगळे गेल्या महिन्यात, आतेभावाच्या मासिकाच्या दिवशी सांगितले. तिने ऐकून घेतले, सक्तीबद्दल पुन्हा काही बोलली नाही, आणि कागद-पेन मागितले. आमच्या जिल्ह्यात अतिदक्षता विभाग असलेल्या किती रुग्णालयांनी अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी केली आहे आणि गेल्या पाच वर्षांत मेंदूमृत्यूची किती प्रमाणपत्रे दिली गेली, असे दोन प्रश्न विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज तिने राज्याच्या आरोग्य सेवा संचालनालयाकडे पाठवला आहे. अर्जदार म्हणून नाव तिचे आहे, अक्षर वहिनीचे आहे. उत्तराची ३० दिवसांची मुदत येत्या आठवड्यात संपते.